शिळा पाव, संत्र्याची साल आणि उसाची मळी



स्मरणिकेतला इतिहासाचा लेख म्हटलं की शिवकाल, पेशवाई किंवा स्वातंत्र्यलढा, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. माझा विषय त्यामानाने घरगुती आहे. ब्रेड पुडिंग. त्यातही संत्र्याची साल किसून घातलेलं आणि रममध्ये भिजवलेले बेदाणे पेरलेलं ब्रेड पुडिंग. हा पदार्थ आपल्यापैकी काहींनी क्लबात किंवा परदेशी खाल्ला असेल, काहींनी इराण्याकडे त्याची साधी आवृत्ती चाखली असेल आणि काहींनी नावही ऐकलं नसेल. या विषयाची निवड का केली, ते शेवटी सांगेन.

इतिहासाच्या दृष्टीने या पदार्थात एक मजेची गोष्ट आहे. त्यातल्या तिन्ही मुख्य वस्तू मुळात टाकून देण्याच्या आहेत. पाव लागतो तो शिळा. संत्र्यातली लागते ती साल. आणि रम बनते मळीपासून, म्हणजे साखर काढून झाल्यावर कारखान्यात जे काळं, चिकट पाणी उरतं त्यापासून. तीन उरलेल्या वस्तू एकत्र येऊन मेजवानीचा पदार्थ झाला. पण या तीन वस्तूंच्या मागे जाऊ लागलं की माणसंही भेटतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना समाजाने असंच बाजूला काढून ठेवलेलं असतं.

पुडिंगचं मूळ

इंग्लंडात जुन्या काळी पुडिंग म्हणजे गोड पदार्थ नव्हता. जनावराच्या आतड्यात धान्य, चरबी, रक्त, मसाले भरून ते उकळत, त्याला पुडिंग म्हणत. सतराव्या शतकात आतड्याऐवजी कापडात पुरचुंडी बांधून उकळण्याची पद्धत रूढ झाली आणि पुडिंगची सुटका झाली. जनावर कापलं नाही तरी पुडिंग करता येऊ लागलं आणि त्यात पाव, पीठ, दूध, सुकामेवा काहीही चालू लागलं. पुढे ते भांड्यात घालून भट्टीत भाजूही लागले.

ब्रेड पुडिंग हा गरिबाचा पदार्थ, असं सर्रास सांगितलं जातं. शिळे तुकडे दुधात भिजवून खाणं हे गरिबाचंच. आपल्याकडेही फोडणीची पोळी, भाकरीचा कुस्करा, शिळ्या पोळीचा गूळ-तूप घालून केलेला लाडू ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी. पण पाव-लोण्याच्या पुडिंगची छापील कृती अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात एलायझा स्मिथ या बाईंच्या पाकपुस्तकात मिळते, ती वाचली तर गरिबाचा प्रश्नच उरत नाही. एका पावाला एक पौंड लोणी, तीन पाइंट साय, दहा अंड्यांचे बलक, दीड पौंड बेदाणे-मनुका, जायफळ, आणि वर संत्र्याच्या फुलांचं पाणी! पाव तेवढा साधा, बाकी सगळा श्रीमंती थाट. एवढं मात्र खरं, की संत्र्याचा वास या पदार्थाला जवळजवळ जन्मापासून चिकटलेला आहे.

१७४७ मध्ये हॅना ग्लास यांचं पाकपुस्तक आलं. इंग्लंडात ते पुढची शंभर वर्षं गाजलं. त्यात पुडिंगांचा एक मोठा विभाग आहे. त्याच पुस्तकात हिंदुस्थानी पद्धतीची 'करी' कशी करावी तेही सांगितलं आहे. इंग्रजीत छापलेली करीची ही पहिली कृती मानतात. म्हणजे प्लासीच्या लढाईच्या दहा वर्षं आधीच आपण त्यांच्या स्वयंपाकघरात शिरलो होतो.

पाव आणि बाट

आपल्याकडे पाव आला तो पोर्तुगीजांबरोबर. शब्दही त्यांचाच. गोव्यात गहू मिळवणं एक वेळ जमलं, पण पीठ फुगवायला लागणारं यीस्ट कुठून आणणार? त्यावर तिथल्या लोकांनी तोड काढली ती माडाच्या सुरेची. ताज्या सुरेत यीस्ट आपोआप असतं. ती घालून कणीक आंबवली की पाव फुगतो. गोव्याचे पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, पिढ्यान्‌पिढ्या असाच पाव करत आले. त्यामुळे ब्रेड पुडिंगमध्ये दारू घालतात याचं आपल्याला नवल वाटायला नको. आपल्या किनाऱ्यावरच्या पावात ती आधीपासूनच होती. पुढे गोव्यातले बेकरीवाले मुंबईत आले, त्यांच्या पाठोपाठ इराणी आले आणि पाव शहरात रुजला.

पण रुजला म्हणजे सगळ्यांनी तो खाल्ला असं नव्हे. पाव म्हणजे बाट. वसईच्या आणि गोव्याच्या बाजूला एक गोष्ट सांगोवांगी चालत आली आहे: पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकला, लोक नकळत ते पाणी प्यायले आणि अख्खं गाव बाटलं. गोष्ट खरी की खोटी हा प्रश्न बाजूला ठेवू. तिच्यात एक तपशील मात्र नीट पाहण्यासारखा आहे. पाण्यात पडलेला पावाचा तुकडा कुणाचा धर्म बदलत नाही. पाणी प्यायलेल्यांना 'तुम्ही आता आमचे नाही' असं सांगणारी माणसं होती, आणि ती शेजारचीच होती.

हाच पाव पुढे सुधारणेची परीक्षा झाला. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस मंडळी नावाची गुप्त सभा स्थापन झाली. तिचे एक प्रवर्तक होते दादोबा पांडुरंग तर्खडकर, ज्यांच्या व्याकरणाने मराठी शाळेची पायाभरणी केली. जातिभेद मानायचा नाही, हे या सभेचं मुख्य तत्त्व. पण तोंडाने 'मानत नाही' म्हणणं सोपं असतं, म्हणून सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा सर्वांसमोर खावा लागे. तो घास घशाखाली उतरला की माणूस आपला. सभा गुप्त ठेवण्याचं कारणही तेच होतं. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली, नावं फुटणार या भीतीने मंडळी पांगली आणि सभा बंद पडली. पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभा राहिला, त्यात दादोबांचे बंधू आत्माराम पांडुरंग अग्रभागी होते.

पुण्यातलं १८९० चं पंचहौद मिशनचं चहा प्रकरण आपल्याला पाठ्यपुस्तकात एका ओळीत होतं. मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा आणि बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नुसता पेला हातात धरला. नंतर गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं 'पुणेवैभव' पत्रात छापून आणली आणि शहरात वादळ उठलं. त्या यादीत टिळक होते, रानडे होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी झाली आणि प्रायश्चित्तं घेतली गेली. एका कप चहासाठी आणि एका बिस्किटासाठी!

हे फार जुनं झालं असं वाटत असेल, तर आपले डबे आठवून पाहा. पोळी-भाजी आणणाऱ्यांच्या घोळक्यात रोज पाव आणणाऱ्याला 'तुमच्याकडे पोळ्या करत नाहीत का रे?' असं विचारलं जाईच. बऱ्याच घरांत पाव फक्त ताप आलेल्याला चहात बुडवून मिळे. चित्र बदललं ते सरकारी कारखान्यातल्या कापलेल्या ब्रेडने. धान्यटंचाईच्या दशकात, १९६५ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या मदतीने 'मॉडर्न बेकरीज' ही सरकारी कंपनी स्थापन झाली. मेणकागदात गुंडाळलेला, यंत्राने कापलेला ब्रेड कुणी भाजला हे दिसत नव्हतं, त्यामुळे बाटही दिसेना. सुधारकांना जे साधलं नाही ते बऱ्याच अंशी त्या मेणकागदाने साधलं.

नारिंगाचा प्रवास

संत्र्याच्या कुळाचं मूळ आपल्या ईशान्येकडच्या डोंगरांपासून दक्षिण चीनपर्यंतच्या पट्ट्यात आहे. संस्कृतातला 'नारंग' फारसीत गेला, अरबीत 'नारंज' झाला, स्पॅनिशमध्ये 'नारांहा' आणि पुढे इंग्रजीत सुरुवातीचा 'न' गळून 'ऑरेंज'. अरबांनी भूमध्य समुद्राच्या काठी नेलं ते कडू नारिंग. गोड संत्रं युरोपात बऱ्याच उशिरा पोहोचलं आणि ते पोर्तुगीजांनी इतकं पसरवलं की अरबीत त्याचं नावच 'बुर्तुकाल' पडलं. आपली मोसंबीही तशीच. तिचं नाव मोझांबिकवरून आलं. पोर्तुगीजांचा मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातूनच चालत होता, हे कळलं की ही वाट लगेच उलगडते.

कडू नारिंगाचा गर खाववत नाही, पण त्याच्या सालीत तेलाच्या बारीक पिशव्या असतात आणि सगळा सुगंध त्यांत असतो. म्हणून युरोपात साल पाकवून ठेवण्याची कला वाढली. मुरंबा, मार्मलेड, ख्रिसमसच्या केकमधले सालीचे तुकडे हे सगळं त्यातून आलं.

संत्र्या-लिंबांचा दुसरा उपयोग विज्ञानाच्या पुस्तकात आपण शिकलो आहोत. हॅना ग्लासबाईंचं पुस्तक आलं त्याच १७४७ साली जेम्स लिंड या नौदलातल्या डॉक्टरने स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांवर प्रयोग केला. दोघादोघांच्या सहा जोड्या करून प्रत्येकीला वेगळा उपाय दिला. ज्या दोघांना रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालं, ते झपाट्याने बरे झाले. तरीही ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस नियमित द्यायला १७९५ उजाडलं, आणि तो खलाशांच्या रोजच्या पाणी घातलेल्या रममध्ये मिसळून दिला जाऊ लागला. संत्रं-लिंबू आणि मद्य यांची जोडी जहाजावर अशी पक्की झाली.

आपल्या नागपुरी संत्र्याबद्दल असं सांगतात की रघुजी भोसल्यांनी अठराव्या शतकात तेव्हाच्या औरंगाबादेहून कलमं आणवली. विदर्भाची काळी जमीन त्यांना मानवली. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. गर आपण खातो, बर्फी करतो. साल मात्र अजूनही उकिरड्यावर जाते.

मळीचा इतिहास

तिसरी वस्तू सगळ्यात कडू आहे. सतराव्या शतकात बार्बाडोससारख्या कॅरिबियन बेटांवर इंग्रजांनी उसाचे मळे उभे केले. राबायला आफ्रिकेतून गुलाम आणले. साखर युरोपात गेली, मळी मागे उरली. ती आंबवून ऊर्ध्वपातनाने दारू काढता येते हे ध्यानात आलं आणि रम तयार झाली. पुढे रम हे चलनच झालं; आफ्रिकेच्या किनाऱ्यावर रम देऊन माणसं विकत घेतली जात.

१ ऑगस्ट १८३४ रोजी ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी संपवणारा कायदा लागू झाला. मळेवाल्यांना मजूर हवेच होते, ते हिंदुस्थानातून नेण्यात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गिरमिटिया मजुरांचं पहिलं जहाज मॉरिशसला लागलं. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरत, तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसा आहे. जवळजवळ पाच लाख लोक तिथून गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या भागातले मराठी लोक होते. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात आणि मुलांना मराठी शिकवतात. मॉरिशसमध्ये शिळ्या पावाचं पुडिंगही करतात. साखर आणि रम पिकवणाऱ्या त्या बेटावर या पदार्थाचं सगळं सामान एका जागी आहे, आणि ते पिकवणारे हात काही अंशी कोकणातले आहेत.

आपल्या जवळचा उसाचा इतिहास वेगळा आहे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० मध्ये तिथे गाळप सुरू झालं. मालकी शेतकऱ्याची होती, ही फार मोठी गोष्ट. ऊसतोडीला येणाऱ्या बीड-नगरकडच्या माणसांच्या वाट्याला मात्र दर हंगामी पाचटाची खोपच आली. त्यांची मुलं शाळेत दिवाळीपर्यंत दिसत आणि मग उन्हाळ्यापर्यंत गैरहजर. हजेरीपटावरच्या त्या रिकाम्या चौकटी शिक्षकांना आठवत असतील.

पाचाचं पंच आणि राजाचं पुडिंग

मद्य आणि लिंबू एकत्र करण्याच्या पद्धतीवर आपला मराठी हक्कही सांगता येतो. इंग्रजी 'पंच' या पेयाचं नाव आपल्या 'पाच'वरून आलं असं बहुतेक कोश मानतात. मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला, असे पाच जिन्नस. ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांच्या पत्रव्यवहारात हा शब्द १६३२ मध्ये दिसतो. १६३८ मध्ये सुरतेला आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो इंग्रजांच्या वखारीत मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर घालून केलेलं पेय प्याल्याचं लिहितो. हे पंच जहाजातून इंग्लंडला गेलं. पुडिंगवर ओतायला लोणी, साखर, लिंबू-संत्रं आणि ब्रँडी किंवा रम यांचा जो पाक करतात, तो म्हणजे घट्ट केलेलं पंचच म्हणायला हरकत नाही.

साम्राज्य भरात असताना पुडिंगचं राजकारणही झालं. १९२७ मध्ये राजा पाचवा जॉर्ज याच्या आचाऱ्याची ख्रिसमस पुडिंगची कृती साम्राज्यातल्या मालाची जाहिरात म्हणून छापून वाटली गेली. त्यात पावाचा चुरा पाच पौंड होता आणि प्रत्येक जिन्नसापुढे तो कोणत्या वसाहतीतून घ्यायचा ते लिहिलं होतं. मनुका ऑस्ट्रेलियाच्या, पाकवलेली साल दक्षिण आफ्रिकेची, लवंग झांजिबारची, रम जमैकाची आणि मसाला हिंदुस्थानचा. हे पुडिंग म्हणजे ताटात वाढलेला नकाशाच होता. त्याच वर्षी महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह झाला. जगभरचे जिन्नस एका भांड्यात शिजत होते, आणि इथे एका तळ्याचं पाणी सगळ्यांना मिळत नव्हतं.

परमिट आणि बंदी

मद्याची दुसरी बाजूही इतिहासात आहे, आणि ती टाळून हा लेख लिहिणं बरोबर होणार नाही. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये शहरात दारूची दुकानं वाढवण्याला त्यांनी लेखी विरोध केला. दारूने घरं कशी बुडतात हे त्यांनी पाहिलं होतं. सरकारचं लक्ष महसुलावर होतं. १८७८ च्या अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू ठेकेदारांच्या हाती दिली. १८९२ च्या कायद्याने ठाणे-कुलाब्यातल्या लोकांना स्वतःच्या झाडाखालची मोहाची फुलं गोळा करायलाही बंधनं आली. आदिवासींची दारू गेली आणि कंत्राटदाराची आली. व्यसन होतं तिथेच राहिलं, वर कर्जही झालं.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला आणि १९५० पासून पूर्ण बंदी लागू झाली. मद्यार्क असलेला कुठलाही द्रव दारूच, अशी व्याख्या होती. त्यात खोकल्याचं औषधही सापडत होतं. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधं आणि प्रसाधनं यांच्यापुरती बंदी रद्द केली. पुडिंगबद्दल न्यायालय काही बोललं नाही! साठच्या दशकात बंदी सैल झाली, पण कायदा आणि परवाने राहिले. आपल्या गावात हॉटेलांच्या पाट्यांवर लिहिलेलं 'परमिट रूम' हे त्याच कायद्याचं उरलेलं शेपूट आहे. शाळेत जाताना आपण ती पाटी रोज वाचत होतो.

आपल्या मेळाव्याचं पुडिंग

आता विषयाचं कारण सांगतो. स्नेहमेळाव्याच्या जेवणात गोड म्हणून आपल्या हॉटेल व्यवसायातल्या मित्राने हेच पुडिंग सुचवलं, आणि गटावर चार दिवस चर्चा रंगली. 'शाळेच्या कार्यक्रमात दारू?' असा एक पक्ष, 'चार चमच्यांनी काय होतं?' असा दुसरा. अंडं चालणार नाही म्हणणारे होते, धर्माने मद्य वर्ज्य असलेले होते. आणि काही जण गप्प होते. ते का गप्प होते, हे त्यांच्या शेजारच्या बाकावर बसलेल्यांना ठाऊक आहे. घरी रात्री काय झालं असेल ते सकाळी मित्राच्या डोळ्यांवरून कळायचं. फीची तारीख चुकायची आणि वर्गात नाव पुकारलं जायचं. त्यांच्यासाठी 'चार चमचे' हा हिशेब लागू होत नाही.

भाजल्यावर दारू उडून जाते, हे म्हणणंही पूर्ण खरं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार मिश्रणात घालून अर्धा तास शिजवलं तर सुमारे ३५ टक्के मद्यार्क शिल्लक राहतो, तासभर शिजवलं तरी सुमारे २५ टक्के. म्हणून 'काही राहत नाही' असं सांगून कुणाला वाढणं योग्य नाही. एके काळी न सांगता पाजलेल्या पाण्याच्या गोष्टीवरून गावं तुटली, आणि सर्वांसमोर खायला लावलेल्या घासावरून माणसाची किंमत ठरवली गेली. आपण दोन्ही टाळू. कुणाला फसवायचं नाही, आणि कुणाला सिद्धही करायला लावायचं नाही.

समितीने माझी सूचना मान्य केली आहे, ती अशी. तीन ट्रे होतील आणि प्रत्येकावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी असेल. पहिल्यात अंडं आणि रम. दुसऱ्यात अंडं आहे, रम नाही. तिसऱ्यात दोन्ही नाही. तिसऱ्याला इतिहासाचा आधारही आहे. १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी कॉर्नफ्लोअरची कस्टर्ड पावडर बनवली, कारण त्यांच्या पत्नीला अंडं सोसत नव्हतं. पुढे पुण्याच्या वीकफिल्डने ती आपल्या शाकाहारी घरांत पोहोचवली. बायकोला सगळ्यांबरोबर बसून गोड खाता यावं म्हणून एका माणसाने केलेली खटपट आपल्याला दीडशेहून अधिक वर्षांनी कामी येते आहे.

ज्यांना घरी करायचं आहे त्यांच्यासाठी आठ जणांचं प्रमाण देतो. कालच्या ब्रेडच्या आठ स्लाइसचे तुकडे करा. ताजा ब्रेड घेऊ नका, तो दुधात विरघळून लगदा होतो. शिळा दूध पितो आणि आकारही धरतो. अर्धा लिटर दूध कोमट करून त्यात १०० ग्रॅम साखर आणि दोन संत्र्यांच्या सालीचा फक्त वरचा केशरी भाग किसून घाला. आतला पांढरा भाग कडू असतो, तो येऊ देऊ नका. संत्र्याचा रस दुधात घालू नका, दूध फाटतं. तीन अंडी फेटून दुधात मिसळा, जायफळ किसून घाला आणि हे मिश्रण ब्रेडवर ओतून अर्धा तास मुरू द्या. मूठभर बेदाणे तीन चमचे रममध्ये, नाहीतर संत्र्याच्या रसात, आदल्या रात्री भिजवून वर पेरा. ओव्हन नसेल तर भांड्यावर झाकण ठेवून कुकरमध्ये शिट्टी काढून ३५ ते ४० मिनिटं वाफवा. सुरी खुपसून कोरडी निघाली की झालं. उरलेला संत्र्याचा रस, थोडी साखर आणि लोणी आटवून पाक करा आणि गरम गरम वर ओता. बिनअंड्याचं करायचं असेल तर अंड्यांऐवजी तीन मोठे चमचे कस्टर्ड पावडर थंड दुधात कालवून, बाकीच्या दुधात शिजवून घट्ट करा आणि ब्रेडवर ओता. ते वाफवावं लागत नाही, थंड करून खायचं.

मेळाव्यासाठी लागणारा पाव आपल्या शाळेमागच्या बेकरीतून आदल्या दिवशी घ्यायचा ठरला आहे. संत्री अमरावतीच्या मैत्रिणीकडून येणार आहेत. साली टाकू नका असं स्वयंपाक्यांना बजावून सांगितलं आहे. आणि इतकं करूनही पुडिंग उरण्याची शक्यता आहेच, म्हणून सर्वांना एक विनंती: येताना डबा आणा.